कोबीतल्या चिंध्या आणि वरणातल्या चकोल्या

संध्याकाळचे साडेसात. मुलगी म्हणते, "आई, आज पास्ता कर ना." आजोबा म्हणतात, "माझं काही नाही, मला वरण-भात चालेल." ज्याला स्वयंपाक करायचाय त्याने अजून खांद्यावरची बॅगसुद्धा खाली ठेवलेली नाही. मग एका शेगडीवर पास्त्याचं पाणी आणि दुसरीवर कुकर. मुलांचं ताट वेगळं, मोठ्यांचं वेगळं, आणि करणाऱ्याचं जेवण साडेनऊला, जे उरलं असेल ते.

तुमच्या घरी असं आठवड्यातून दोनदा तरी होत असेल, तर आज तुमच्यासाठी एक पदार्थ आणलाय. चीज नको, क्रीम नको, ओव्हन नको, बाजारातून वेगळं काही आणायला नको. कोबी, कांदा, कणीक. हा पदार्थ स्लोव्हेनियातला आहे. नाव थोडं तोंड वाकडं करायला लावतं: कर्पित्से.

स्लोव्हेनिया कुठे, असं विचारायला लाजू नका. इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया या चौघांच्या मध्ये बसलेला हा छोटा देश. आकाराने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा. लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे शहरापेक्षा कमी. १९९१ मध्ये तो युगोस्लाव्हियातून स्वतंत्र झाला आणि त्याआधी, १९१८ पर्यंत, त्याचा बहुतेक भाग ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या राज्यात होता. एका राज्यात राहिलेल्या लोकांचे स्वयंपाकही एकमेकांत मिसळतात. म्हणून हाच पदार्थ ऑस्ट्रियात क्राउटफ्लेकर्ल नावाने मिळतो, आणि हंगेरीतही कोबी घातलेला पास्ता घरोघरी होतो. मूळ कोणाचं यावर भांडायचं तर भांडू देत. पुरणपोळी आपली की कर्नाटकची, हे अजून आपलं तरी कुठे ठरलंय?

'कर्पा' म्हणजे कापडाचा तुकडा, फडकं. 'कर्पित्से' म्हणजे छोट्या चिंध्या. पीठ मळायचं, पातळ लाटायचं, सुरीने बारीक चौकोन कापायचे. ते एकसारखे येत नाहीतच. कडेचे तिरके, कोपऱ्यातले तिकोनी. म्हणून चिंध्या. मला हे नाव फार आवडलं, कारण त्यात बडेजाव नाही. घरात आहे त्यात भागवायचं आणि सगळ्यांना पोटभर वाढायचं, एवढाच त्याचा हेतू.

स्लोव्हेनियाचा मिरवायचा पास्ता वेगळाच आहे. इद्रिया नावाच्या गावात १४९० मध्ये पारा सापडला आणि पुढची पाच शतकं तिथे खाण चालली. त्या खाणकामगारांच्या गावातली 'झ्लिक्रोफी' प्रसिद्ध. पिठाच्या पातळ पारीत बटाट्याचं सारण भरून टोपीसारखा आकार द्यायचा. २०१० मध्ये युरोपीय संघाने या पदार्थाला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं. पण ते म्हणजे आपले उकडीचे मोदक. सणाला, हौसेने, चार जणी बसून करायचे. बुधवारी रात्री साडेसातला मोदक कोण करतं? बुधवारी चिंध्याच.

आधी चिंध्या करू

चार माणसांसाठी दोन वाट्या कणीक आणि अर्धी वाटी बारीक रवा घ्या. अर्धा चमचा मीठ, एक चमचा तेल. तिकडे घरच्या पास्त्यात बहुतेक अंडं घालतात. तुमच्याकडे चालत असेल तर एक घाला, नाहीतर नुसत्या पाण्यात मळा. पीठ पोळीपेक्षा घट्ट हवं, पुरीच्या पिठाएवढं. झाकून अर्धा तास ठेवा. ही अर्ध्या तासाची पायरी टाळू नका. रवा पाणी पितो, पीठ ताणायला मऊ होतं आणि लाटताना परत आखडत नाही.

तोवर कोबी. साधारण अर्धा किलोचा गड्डा बारीक चिरा. मोठा कांदा उभा चिरा. जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तूप किंवा तेल तापवा, त्यात एक चमचा साखर घाला आणि ती हलकी तांबूस होऊ द्या. (या वेळी मुलं शेगडीपासून लांब. वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजते.) लगेच कांदा टाका, अर्धा चमचा शहाजिरं टाका, आणि कांदा मऊ झाला की कोबी आणि मीठ.

आता खरी गोष्ट. झाकण ठेवू नका. कोबी न आवडणाऱ्या मुलांचं बरंचसं भांडण कोबीशी नसतं, त्या वासाशी असतं. कोबीत गंधकाची संयुगं असतात आणि तो पाण्यात, झाकणाखाली, खूप वेळ शिजला की तोच वास घरभर पसरतो. उघड्या कढईत, मध्यम आचेवर, मधूनमधून हलवत वीस-पंचवीस मिनिटं परता. आधी त्याचं पाणी सुटेल, मग आटेल, मग कडा तपकिरी व्हायला लागतील. अर्धा किलोचा ढीग मूठभर होऊन बसतो आणि गोड लागतो. शेवटी भरपूर मिरपूड आणि एक चमचा व्हिनेगर. घरात व्हिनेगर नसेल तर लिंबू.

पिठाचे दोन गोळे करून पातळ पोळ्या लाटा, दहा मिनिटं पंख्याखाली पसरा, मग सुरीने दोन-अडीच सेंटिमीटरचे चौकोन कापा. दोन-अडीच लिटर पाणी खळखळ उकळवा, त्यात दोन चमचे मीठ घाला आणि चौकोन सोडा. ताजे असतील तर तीन-चार मिनिटांत वर तरंगतात. एक उचलून खाऊन बघा. मधे कच्चं पीठ लागलं नाही की झालं. पाणी काढा, अर्धी वाटी मागे ठेवा. चौकोन कोबीत घाला, लागलं तर ते पाणी शिंपडा, एकदा नीट परता. बस.

इथे पेरुंगुडीत माझ्या अडचणी जरा वेगळ्या आहेत. तीन जणी मिळून राहतो, शेगडी दोन बर्नरची, पोळपाट एकच. समुद्र जवळ असल्यामुळे हवा अशी दमट की वाळायला ठेवलेली पोळी वाळायचं नाव घेत नाही. उपाय म्हणजे कापायच्या आधी वरून कोरडं पीठ भुरभुरवायचं आणि लगेच शिजवायचं. कोबी मात्र इथे भरपूर आणि स्वस्त. रस्त्यावरच्या भाजीवाल्या अक्कांकडे 'मुट्टैकोस' म्हटलं की कोबी मिळतो आणि वर मागायच्या आधी कढीपत्त्याच्या दोन काड्या पिशवीत पडतात. त्या काड्या मी कर्पित्सेत टाकल्या. तिकडच्या आजी रागावतील कदाचित, पण छान लागतं.

पण हे तर आपल्याकडे आहेच की

आमचं ऑफिसही इथलंच. एकाच खोलीत चार-पाच भाषांचे विभाग, टेबलाला टेबल लागून. परवा डबा खाताना मी या चौकोनांचं वर्णन केलं. गुजरातीचं काम बघणारी लगेच म्हणाली, "ही तर दाळ-ढोकळी." मूळ बिहारचा असलेला हिंदी विभागातला सहकारी म्हणाला, "आमच्याकडे दाल-पिठ्ठी." तमिळ विभागातून अम्मिणी कोळुकट्टै पुढे आलं. तांदळाच्या पिठाच्या छोट्या गोळ्या वाफवून त्यांना मोहरी, उडीद डाळ आणि खोबऱ्याची फोडणी द्यायची. आणि मी म्हणाले, "चकोल्या."

तुम्ही नागपूरकडचे असाल तर वरणफळं म्हणाल. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे चकोल्या. पोळीच्या पिठाचे शंकरपाळ्यासारखे तुकडे पातळ आमटीत शिजवायचे आणि वर तूप. जगातल्या कुठल्याही व्याख्येने हा पास्ता आहे: गव्हाचं पीठ, मळलेलं, लाटलेलं, कापलेलं आणि पाण्यात शिजवलेलं. आपण त्याला पास्ता म्हणत नाही इतकंच. म्हणायलाही नको. पण मुलीने "पास्ता" मागितला की आपल्या हातून काहीतरी परकं मागितलंय असं वाटून घेण्याचं कारण नाही.

आणि चकोल्या एकट्या नाहीत. घरात कोणी सत्तरीच्या पुढचं असेल तर त्यांना 'वळवट' हा शब्द विचारून बघा. आमच्या आजीच्या पिढीत लग्न ठरलं की बायका दुपारी जमून वळवट करायच्या. भिजवलेल्या रव्याच्या पिठाचे गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, नखाने दाबून केलेले नखुले, बोटावर वळलेले बोटवे, मालत्या. वाळवून डब्यात भरायचे, रुखवतात मांडायचे आणि सणाला त्यांची खीर करायची. विदर्भ-खानदेशाकडचे सरगुंडे तर काडीभोवती पीठ गुंडाळून करतात. काडी काढली की मधून पोकळ. ते आमरसाबरोबर खातात. इटालियन दुकानात पोकळ, वळलेला, शंखासारखा असा प्रत्येक आकार वेगळ्या नावाने मिळतो ना? आपल्याकडेही प्रत्येक आकाराला नाव होतं. फरक हा की त्यांनी ते पाकिटात भरून जगभर विकले, आणि आपण ते लग्नाच्या डब्यात ठेवले.

गहूसुद्धा तोच. इटलीत १९६७ च्या कायद्यानुसार सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करावा लागतो. ड्युरम म्हणजे कडक, पिवळसर, काचेसारखा दाणा. आपला बन्सी गहू ड्युरमच. शेवयांसाठी आजी बन्सीच हवा म्हणून अडून बसते ती उगाच नाही, साध्या गव्हाची शेवई शिजताना लगदा होते. खपली गहू हा ड्युरमचा जुना नातेवाईक. त्याचं टरफल मळणीत सहज निघत नाही, कांडावं लागतं, म्हणून तो महाग. पण त्याची शेवई आणि खीर ज्यांनी खाल्ली आहे त्यांना त्याचं कौतुक सांगायला नको. तेव्हा पुढच्या वेळी चकोल्यांच्या पिठात अर्धी वाटी बन्सी किंवा खपलीचं पीठ घालून बघा. तुकडे आमटीत उभे राहतात.

पाकिटातला पास्ता वाईट, असं मी म्हणणार नाही. आम्हीही आणतो. फक्त पाकीट उलटं करून घटक वाचा. पहिला शब्द ड्युरम रवा किंवा सुजी असेल तर तो चांगला पास्ता आहे. मैदा असेल तर तो शिजताना चिकट होणार आणि पोटालाही फार वेळ टिकणार नाही. मसाल्याची पुडी सोबत असेल तर त्यातलं मीठ किती तेही बघा.

चकोल्या, थोडक्यात

तुम्हाला येत असतील तर हा भाग सोडून द्या. एक वाटी तूरडाळ मऊ शिजवून घोटा. मोहरी, जिरं, हिंग, हळद, लसूण आणि कढीपत्त्याची फोडणी. त्यात डाळ, कांदा-लसूण मसाला किंवा गोडा मसाला, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मीठ. पाणी आमटीपेक्षा बरंच जास्त, पाच-सहा वाट्या. चिंच इथे दारोदारी. तंजावरला १८५५ पर्यंत मराठी राज्य होतं, आणि तिथल्या राजाच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली म्हणून आमटीत चिंच घातली, त्यातून सांबार झालं, अशी दंतकथा इकडे ऐकायला मिळते. दंतकथा म्हणूनच ऐका, पण चेन्नईत आमटी करताना मजा येते.

आमटी खळखळ उकळत असतानाच तुकडे एक-एक सोडा. एकदम ओतले तर एकमेकांना चिकटून गोळा होतो. मंद आचेवर झाकून आठ-दहा मिनिटं. वाढताना तूप आणि कोथिंबीर.

कर्पित्से आणि चकोल्या यांत तांत्रिक फरक एकच. तिकडे चौकोन वेगळ्या पाण्यात शिजतात आणि ते पाणी बहुतेक ओतून दिलं जातं. आपल्याकडे ते आमटीतच शिजतात, त्यामुळे पिठातला स्टार्च आमटीत उतरून ती दाट होते. म्हणून सुरुवातीला पातळ ठेवायची. शिवाय गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत ते भरपूर. दोन्ही एका वाडग्यात आले की मुलाचं जेवण बऱ्यापैकी पूर्ण होतं. कर्पित्से केल्या त्या दिवशी हे डाळीचं अंग कमी पडतं, तेव्हा सोबत वाटीभर दही किंवा उकडलेलं अंडं द्या.

एक पीठ, सगळ्यांची ताटं

आता परत साडेसातकडे येऊ. हे पीठ सकाळी मळून फ्रिजमध्ये ठेवलं तर संध्याकाळी फक्त लाटायचं. लाटणं मोठ्यांचं, कापणं मुलांचं. चार-पाच वर्षांच्या मुलाला धार नसलेली बटर-सुरी किंवा शंकरपाळ्याचं फिरकीचं कातणं द्या. तिरके कापले तरी चालतात, नावच चिंध्या आहे. पोळी गोल आली नाही तर मूल रडतं. इथे चुकीचा आकार असा नाहीच. आणि स्वतः कापलेला तुकडा ताटात शोधताना मूल कोबीही खातं, हे मी माझ्या मावसभावावर पाहिलंय. सात वर्षांचा आहे, कोबीचा शत्रू.

आजोबांच्या कवळीला पास्ता चावत नसेल तर त्यांचे चौकोन पाण्यातून काढायच्या आधी तीन-चार मिनिटं जास्त उकळा, किंवा त्याच पिठाचे मूठभर तुकडे वाटीभर पातळ वरणात सोडा. वर्षाच्या आतलं बाळ नुकतं वरचं खायला लागलं असेल तर मीठ-मसाला घालायच्या आधी थोडं वरण बाजूला काढून त्यात दोन तुकडे अगदी मऊ शिजवा आणि पूर्ण कुस्करा; अख्खा तुकडा देऊ नका, घशात अडकू शकतो. कोणी रात्री उशिरा येणार असेल तर त्याच्या वाट्याचे चौकोन न शिजवता कोरडं पीठ लावून ताटलीत झाकून ठेवा. आल्यावर चार मिनिटांचं काम.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक पाट्टी राहतात, म्हणजे आजी. रविवारी त्यांना चकोल्यांची वाटी नेऊन दिली. त्यांनी दोन घास खाल्ले, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, सांबारात कोळुकट्टै का टाकली? मी म्हटलं, पाट्टी, ही गव्हाची आहे. त्या म्हणाल्या, तेच म्हणते, तांदळाची का नाही केलीस? वाटी मात्र रिकामी परत आली, आणि आमच्याकडची पद्धत इकडेही आहे बहुतेक, कारण ती रिकामी नव्हतीच, तळाशी दोन मुरुक्कू होते.

उरलेल्यांचं शेवटचं. कर्पित्से दुसऱ्या दिवशी डब्यात नेता येतात. सकाळी लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात परता, चौकोनांच्या कडा कुरकुरीत होतात आणि माझ्या मते पहिल्या दिवसापेक्षा चांगल्या लागतात. याच धर्तीवर स्लोव्हेनियात आणि क्रोएशियात 'म्लिंत्सी' करतात: पातळ भाकऱ्या भाजून वाळवायच्या, मोडायच्या, वर उकळतं मिठाचं पाणी ओतून मऊ करायच्या आणि भाजलेल्या हंसाच्या रसात घोळवायच्या. ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाला ते हवंच. हंस सोडला तर ही आपली फोडणीची पोळीच.

चकोल्या मात्र डब्यात देऊ नका. दुपारपर्यंत त्यांची एक सलग वडी होते आणि ती चमच्याने कापावी लागते. रात्रीच्या उरल्याच, तर सकाळी वाटीभर गरम पाणी घालून सारख्या करा आणि घरीच, नाश्त्याला, उभ्या-उभ्या संपवा.